अर्ध्या हळकुंडानं

मराठी घरातल्या जेवणाच्या टेबलाचा मधला भाग पूर्वी लोणच्यांच्या मालकीचा होता. लिंबाचं गोड, कैरीचं तिखट, मेतकूट आणि जवसाच्या चटणीचा तो डबा, ज्याचं झाकण कोणाच्याच हातून पहिल्या फटक्यात बसत नाही. आता तिथं बाटल्यांचं अतिक्रमण झालंय. पांढऱ्या, जाड प्लास्टिकच्या, रुंद तोंडाच्या बाटल्या. वर कापसाचा बोळा, त्याखाली 'खाऊ नये' असं बजावणारी सिलिकाची पुडी आणि मग कॅप्सूल, त्याही निम्म्या बाटलीपर्यंतच. पाहुणा जेवायला आला की त्याच्या ताटासाठी बाटल्या सरकवाव्या लागतात. पाहुणा साठीच्या पुढचा असला तर "असू द्या, असू द्या" म्हणत चष्मा कपाळावर चढवतो आणि एकेक लेबल वाचत बसतो. आमटी गार होते. मग त्याच्या घरी कुठल्या बाटल्या आहेत ते सांगतो. आमटी आणखी गार होते.

आम्हा सांगलीकरांच्या गल्लीत हे लोण पहिल्यांदा शिरलं ते अण्णांच्या दारातून. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर कालव्यांच्या गळत्या मोजल्यामुळे कुठं काय पाझरतंय याचा त्यांना अंमळ जास्तच ध्यास. एका प्रयोगशाळेनं ज्येष्ठ नागरिकांसाठी सत्तर-ऐंशी चाचण्यांचं पॅकेज सवलतीत काढलं, ते अण्णांनी घेतलं. अहवाल आला रंगीत, गुळगुळीत, लग्नपत्रिकेच्या तोडीचा. त्यात सगळं हिरवं आणि एकच ओळ लाल: एचएस-सीआरपी, 4.6. अण्णा तो कागद घेऊन कुंपणाशी आले.

"मास्तर, आत आग लागलीय म्हणं."

"कुठं?"

"ते नाही लिहिलेलं."

त्या रात्री न्यू जर्सीतल्या लेकीला व्हिडिओ कॉल झाला. तिनं कागदाचा फोटो पाहिला आणि सगळ्या रोगांचं मूळ इन्फ्लमेशनच आहे, असं सांगून अण्णांची आणि वहिनींची झोप उडवली. पुढं महिन्याभरात तिच्या ओळखीचं कोणी मिरजेला यायचं होतं. त्याच्या बॅगेतून बाटल्या आल्या. एक कर्क्युमिनची, एक माशाच्या तेलाची, एक लसणाची, एक लाल यीस्टच्या तांदळाची. डी आणि बी-बारा घरात आधीपासून होतेच. अण्णा रोज सकाळी वाटीत सगळ्या कॅप्सूल काढून मोजायचे आणि नैवेद्य दाखवल्यासारखे क्षणभर थांबून मग एकेक गिळायचे.

आता या आगीबद्दल. ती खोटी नाही, हे आधी सांगून टाकतो. कारण बाटलीची टिंगल करण्याच्या भरात आगीचीही टिंगल करणारे शहाणे मी पाहिलेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पायात काटा मोडून दुसऱ्या दिवशी चप्पल घालायला गेलेल्या माणसाला ही चारही पाठ असतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठणारा मेद हा नुसता पाइपातला गाळ नसून तिथं दाहही चालू असतो, असं एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रुडॉल्फ फिरखोनं म्हटलं होतं. पुढं कोलेस्टेरॉलनं सगळं व्यासपीठ व्यापलं आणि फिरखो मागच्या रांगेत गेला. अण्णांच्या कागदावरचं सीआरपी सापडलं 1930 साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत, टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना, तेही न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. शरीरात कुठंही दाह सुरू झाला की निरोप यकृताला पोचतो आणि यकृत हे प्रथिन रक्तात सोडतं. गावात दंगा झालाय एवढं त्यावरून कळतं, गल्ली कुठली ते कळत नाही. हृदयाच्या हिशेबानं लिटरमागं एक मिलिग्रॅमच्या आत असलं तर बरं, तीनच्या वर असलं तर धोका अधिक. दहाच्या वर गेलं तर आधी सर्दी-ताप, गळू, दात बघा आणि पुन्हा तपासा.

मग हा दाह कमी केला तर हृदयविकाराचे झटके कमी होतील का? प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचं सरळ उत्तर मिळायला 2017 उजाडलं. बोस्टनच्या पॉल रिडकर यांनी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी दोनच्या वर असलेल्या 10,061 लोकांवर कॅनाकिनुमॅब नावाच्या इंजेक्शनचा प्रयोग केला. हे इंजेक्शन कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही, फक्त दाहाच्या साखळीतली एक कडी अडवतं. दर तीन महिन्यांनी 150 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू मिळून सुमारे 15 टक्क्यांनी घटले. फिरखो बरोबर होता! पण त्याच इंजेक्शननं जीवघेण्या संसर्गांचं प्रमाण थोडं वाढवलं आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. शेवटी दाह हा शरीराचा पहारेकरीही असतो. किंमत तर विचारूच नये अशी. हृदयासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली नाही.

दाह शमवला की हृदयाचं भलंच होतं, असंही नाही. संधिवाताला दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट कमी मात्रेत हृदयासाठी वापरून पाहिलं, उपयोग झाला नाही. आणि रोफेकॉक्सिब, म्हणजे व्हायॉक्स या नावानं जगभर खपलेली गोळी, सूज-वेदना छान कमी करायची, पण हृदयविकाराचे झटके वाढवते असं दिसल्यावर 2004 साली कंपनीला ती बाजारातून मागं घ्यावी लागली. गुडघ्याची आग विझली आणि छातीत भडकली. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी म्हणतात, त्यातला प्रकार.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं नाही असं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते इंजेक्शनाचं झालं. ही हळद आहे."

खरी गंमत इथं आहे. सांगलीच्या माणसाला न्यू जर्सीहून हळद! आमच्या मार्केट यार्डात फेब्रुवारीपासून हळदीचे सौदे सुरू होतात. हमाल पोती रिकामी करून ढीग लावतात, हवा पिवळी होते, आणि त्या काळात यार्डातून आलेला माणूस घरात पाऊल टाकण्याआधी बायको त्याला मागच्या दारानं न्हाणीघरात पाठवते. व्यापारी ढिगातून एक हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो, दोन हळकुंडं एकमेकांवर आपटून आवाज ऐकतो. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. हलली तर भाव वाढेल. आता हळद गोदामात जाते, शीतगृहात जाते. पण पलीकडे हरिपूरला जमिनीत खोल पेवं होती. त्यात हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की आत किडा जगत नसे, आणि पेव उघडलं की माणूस लगेच आत उतरत नसे. आधी हवा खेळू द्यायची, मग उतरायचं. 2005 च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं निकामी केली. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. अशा गावात अण्णा परदेशी बाटलीतली हळद इंचभर कॅप्सूलमधून घेतात, आणि ती हळद मुळात कुठून गेली असेल हा विचार माझ्या मनात येतो, त्यांच्या येत नाही.

वहिनींच्या मात्र येतो. "मी फोडणीत घालते ती काय रांगोळी असती का?" असं त्या एकदा म्हणाल्या.

बाजू अण्णांचीही आहे. हळदीत कर्क्युमिन असतं शेकडा दोन ते पाच भाग. म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये पंधरा-सोळा ग्रॅम हळदीचा ऐवज. एवढी हळद रोज आमटीत घातली तर ती आमटी खाणारा माणूस दुसऱ्या दिवशी घर सोडून जाईल. पण कर्क्युमिनची खोड अशी की ते पोटातून रक्तात जायलाच तयार नसतं. जे थोडं जातं त्याची यकृत तातडीनं विल्हेवाट लावतं. यावर 1998 साली बंगळूरच्या संशोधकांनी उपाय दाखवला: दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पाइपरिन वीस मिलिग्रॅम दिलं तर माणसाच्या रक्तातलं प्रमाण 2,000 टक्क्यांनी वाढतं. तेव्हापासून प्रत्येक बाटलीवर काळ्या मिरीचं चित्र आलं आणि शेजारी तो आकडा. आकडा खरा आहे. फक्त तो शून्याच्या शेजारी राहणाऱ्या आकड्याचे टक्के आहेत. शिवाय पाइपरिन हे करतं ते यकृताच्या विल्हेवाट खात्याला थोडं सुस्त करून, आणि ते खातं आपल्या इतर औषधांचीही विल्हेवाट लावत असतं. अशा जादा शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटलीत आणि अमेरिकेत झाल्यात. आमटीतल्या हळदीवर असा आळ आजवर कोणी घेतलेला ऐकला नाही.

2017 मध्ये काही अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरच्या ढिगानं झालेल्या संशोधनाचा झाडा घेतला. त्यांचं म्हणणं असं की हे रेणू परीक्षानळीतच परीक्षकाला चकवतात. पिवळे आहेत, प्रकाश टाकला की चमकतात, कशालाही चिकटतात, आणि त्यामुळे चाचणीत 'परिणाम झाला' असं दिसतं. छोट्या छोट्या अभ्यासांत कर्क्युमिननं सीआरपी थोडं उतरल्याचं दिसलंय, ते नाकारायचं कारण नाही. पण ते घेणाऱ्यांना झटके कमी आले का, हे हजारो माणसांवर वर्षानुवर्षं कोणी मोजून दाखवलेलं नाही. आकडा उतरला, म्हणजे हृदय वाचलं असं आपण धरून चालतो. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते याला, आणि इथं तर हळकुंडही आपलंच.

या हळदीवरून एकदा कोर्टकचेरीही झालीय, तीही अशीच परदेशात. जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते रघुनाथ माशेलकर. आपल्या आज्या हे करत आल्यात, एवढं म्हणून पेटंट कार्यालय ऐकत नाही, त्याला छापील पुरावा लागतो. सीएसआयआरनं संस्कृत ग्रंथांपासून 1953 च्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत कागद जमवले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. आज्यांचा विजय झाला. मला कधीकधी वाटतं, त्या विजयाचाच उलटा परिणाम झाला. हळद गुडघ्याच्या खरचटण्यावर चालते हे सिद्ध झालं, आणि मग ती सगळ्यावरच चालणार हे आपण एकमतानं मंजूर केलं. पी हळद आणि हो गोरी या घाईची पूर्वी चेष्टा व्हायची, आता तिला ग्राहकवर्ग म्हणतात.

माशाच्या तेलाची बाटली अण्णांच्या घरात कशी टिकली, हे मात्र सांगायलाच हवं, कारण ते घर कडक शाकाहारी. वहिनींच्या स्वयंपाकघरात अंड्याला बंदी आहे, केकसुद्धा विचारून येतो. बाटलीवर उडी मारणाऱ्या माशाचं चित्र पाहून त्यांनी ती पहिल्या दिवशी बाहेरच्या खोलीत ठेवली. "औषध आहे," अण्णा म्हणाले. औषधाला सगळं चालतं, हा आपल्या शास्त्राचा फार सोयीचा कोपरा आहे. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, ही माहिती मी जिभेवर आलेली परत गिळली. शेजारधर्म म्हणून. एकदा एक कॅप्सूल अण्णांच्या दाताखाली फुटली. त्या दिवशी दुपारपर्यंत ते कोणाशी तोंड उघडून बोलले नाहीत आणि वहिनींनी देवघराकडे जायला मज्जाव केला. माझं बालपण रत्नागिरीच्या आजोळी गेलेलं. मला तो वास बांगड्याच्या कालवणाची आठवण देऊन गेला, म्हणून मी अर्धा तास जास्त बसलो.

माशाच्या तेलाची कथा ग्रीनलंडहून सुरू होते. 1970 च्या सुमारास बँग आणि डायरबर्ग हे डॅनिश डॉक्टर कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन तिथल्या वायव्य किनाऱ्यावर गेले आणि 130 एस्किमोंचं रक्त घेऊन आले. सील-व्हेल-मासे खाणाऱ्या या लोकांच्या रक्तातले मेद डेन्मार्कवासीयांपेक्षा चांगले निघाले. ओमेगा-3 चं नशीब तिथं उघडलं. पुढं चाळीसेक वर्षांनी कॅनडातल्या डॉक्टरांनी जुनी कागदपत्रं पुन्हा चाळली, तेव्हा लक्षात आलं की एस्किमोंना हृदयविकार कमी असतो हे त्या दोघांनी स्वतः तपासलेलंच नव्हतं, सरकारी नोंदींवर विसंबून धरून चालले होते. तिथल्या विखुरलेल्या वस्त्यांतल्या मृत्यूंच्या नोंदी कितपत विश्वासाच्या, हे पाटबंधारे खात्यातल्या माणसाला तरी समजावून सांगायला नको.

त्यानंतर मोठे अभ्यास झाले, आणि त्यांची उत्तरं एका सुरात नाहीत. इटलीतल्या 1999 च्या अभ्यासात झटका येऊन गेलेल्या अकरा हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना रोज एक ग्रॅम दिलं, फायदा दिसला. अमेरिकेत 25,871 निरोगी माणसांना पाचेक वर्षं रोज एक ग्रॅम ओमेगा-3 आणि ड जीवनसत्त्व वेगवेगळं आणि एकत्र देऊन पाहिलं. 2018 मध्ये निकाल आला: हृदयविकाराच्या मोठ्या घटना आणि कर्करोग, दोन्हींत लक्षणीय फरक नाही. मासे कमी खाणाऱ्यांत थोडी आशा दिसली, तेवढीच. त्याच वर्षी ओमेगा-3 चा शुद्ध केलेला एक प्रकार, रोज चार ग्रॅम, डॉक्टरच्या चिठ्ठीनं, असा प्रयोग 8,179 रुग्णांवर झाला आणि घटना 25 टक्क्यांनी घटल्या. टाळ्या झाल्या. दोन वर्षांनी जवळपास तेवढ्याच मात्रेच्या दुसऱ्या औषधाचा प्रयोग तेरा हजारांवर रुग्णांत झाला आणि काहीच निघालं नाही. असं कसं? भांडण जुंपलं ते चक्क फसव्या गोळीवरून. पहिल्या प्रयोगात फसव्या कॅप्सूलमध्ये खनिज तेल होतं, दुसऱ्यात मक्याचं. खनिज तेल घेणाऱ्यांचं सीआरपी वाढलेलं दिसलं. म्हणजे औषधानं हृदय तारलं की खनिज तेलानं समोरच्यांचं बिघडवलं, यावर हृदयतज्ज्ञांत अजून वाद आहे. मला हा वाद फार आवडतो. कशातच काही नसलेली गोळी बनवणं हे किती अवघड काम आहे! आणि या मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण थोडं वाढतं, यावर मात्र दोन्ही प्रयोगांचं एकमत.

लसणाचं थोडक्यात आवरतो. अमेरिकेत क्लीव्हलंडला 2022 साली सुमारे दोनशे लोकांवर अठ्ठावीस दिवसांचा एक छोटा पण मिस्कील अभ्यास झाला. काहींना स्टॅटिनची पाच मिलिग्रॅमची बारीक गोळी, काहींना फसवी गोळी आणि बाकीच्यांना माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिजन्य स्टेरॉल, लाल यीस्टचा तांदूळ यांपैकी एक. स्टॅटिननं वाईट कोलेस्टेरॉल जवळजवळ 38 टक्क्यांनी उतरवलं. बाकी सहाही फसव्या गोळीच्या पुढं गेले नाहीत, आणि लसणाच्या गटात तर ते थोडं वाढलं. दाहाच्या आकड्यातही कोणी चमक दाखवली नाही. लसणाला हे लागलं असणार.

लाल यीस्टच्या तांदळाचा किस्सा स्टॅटिनच्याच घरचा. डॉक्टरांनी अण्णांना तीन वर्षांपूर्वी स्टॅटिन लिहून दिली होती. अण्णांनी ती घेतली नाही. "एकदा चालू केली की जन्मभर घ्यावी लागते," हे त्यांचं उत्तर. वाटीतल्या सहा कॅप्सूल मात्र जन्मभर घ्यायची त्यांची तयारी आहे, नव्हे, तेवढ्याचसाठी जन्म लांबवायचा आहे. आणि लाल यीस्टच्या तांदळातला जो काही गुण आहे तो मोनॅकोलिन-केचा, म्हणजे लोव्हास्टॅटिनचा. रेणू एकच. स्टॅटिनच्या पाकिटात तो ठरलेल्या मिलिग्रॅममध्ये मिळतो, बाटलीत कधी बराच, कधी नावाला. अण्णा नकार दिलेली गोळी दारातून घालवून तिला खिडकीतून आत घेत होते. दाहाच्या दृष्टीनंही स्टॅटिनचा इतिहास चांगला आहे. 2008 च्या एका अभ्यासात कोलेस्टेरॉल ठीक पण सीआरपी दोनच्या वर असलेल्या 17,802 जणांपैकी निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन दिली, आणि झटका-पक्षाघातासारख्या घटना 44 टक्क्यांनी कमी झाल्या.

बाटल्यांच्या बाजूनं एक सांगितलं पाहिजे. वहिनींची बी-बाराची गोळी खरी गरजेची. शाकाहारी माणूस, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. पायाला मुंग्या यायच्या, त्या गोळ्यांनी गेल्या. जे कमी आहे ते भरून काढणं आणि जे पुरेसं आहे त्यावर आणखी ओतणं यांत पाटबंधारे खातंही फरक करतं. गंमत म्हणजे बी जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन नावाचा रक्तातला आणखी एक बदनाम आकडा छान उतरतो, आणि तरी झटके कमी होत नाहीत, असं 2006 पासून मोठ्या अभ्यासांत दिसलंय. आकड्याला समजावणं सोपं, हृदय आपल्या मतावर ठाम.

लेबलं मी नीट वाचली आहेत, आमटी गार होईपर्यंत. अमेरिकी बाटलीच्या मागं बारीक अक्षरांत चौकट असते की हे उत्पादन कुठल्याही रोगाचं निदान, उपचार वा प्रतिबंध करण्यासाठी नाही. 1994 च्या तिथल्या कायद्यानं हे लिहिणं भाग पाडलंय. आपल्याकडच्या बाटलीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानं लिहिलेलं असतं: औषधी वापरासाठी नाही. एकदा डॉक्टरांनी अण्णांना विचारलं, "आणखी काही औषधं चालू आहेत का?" अण्णा म्हणाले, "काही नाही." बाहेर आल्यावर मी त्यांच्याकडं बघितलं. "लेबलवर काय लिहिलंय? औषध नाही!" कायदेशीरदृष्ट्या त्यांचं चुकलं नव्हतं. उद्या रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली तर डॉक्टरांना माशाचं तेल आणि हळद माहीत असणं बरं, हे मी पुन्हा आत नेऊन सांगायला लावलं.

या सगळ्यात दाह निर्माण करणारा खरा कारखाना ज्या जागी असतो ती जागा अण्णा शर्टाखाली झाकून हिंडतात. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला होता. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. आणि अंगातली चरबी? युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. दिसायला सडपातळ, आत लोण्याचा गोळा, ही आपल्याकडच्या देहयष्टीची कुंडली त्या एका फोटोत आली. ती चरबी मुकाट पडून राहत नाही, त्यातली पोटातली तर नाहीच. ती इंटरल्यूकिन-6 नावाचा निरोप सोडते, यकृत तो ऐकतं आणि सीआरपी तयार करतं. एखाद्या शास्त्रज्ञानं स्वतःच्या पोटाचा आकडा जगापुढं छापावा, यासाठी जे धैर्य लागतं ते आमच्या आमराईतल्या सकाळच्या फेरीवाल्यांत मला दिसत नाही. तिथं तीन फेऱ्यांनंतर भडंग आणि चहा असतो, आणि भडंगाबरोबर ओमेगा-3 वर चर्चा.

जाता जाता एक झाड. श्रावण-भाद्रपदात आमच्याकडं कुंपणांवर कळलावी फुलते, खाली पिवळी, वर लाल, ज्वाळेसारख्या पाकळ्यांची. तिच्यात कोल्चिसीन असतं. कंद आणि बी विषारी, पोरांना हात लावू देत नाहीत. गाउटवर वापरलं जाणारं हे कोल्चिसीन रोज अर्धा मिलिग्रॅम दिल्यावर 2019 आणि 2020 च्या अभ्यासांत हृदयाच्या घटना चक्क कमी झाल्या, आणि 2023 मध्ये अमेरिकेत हृदयासाठी त्याला मान्यताही मिळाली. 2024 च्या आणखी मोठ्या अभ्यासात झटक्यानंतर ते दिलं, तर फायदा दिसला नाही. हे मी अण्णांना अजून सांगितलेलं नाही. कुंपण आमचं सामाईक आहे.

तीन-चार महिन्यांनी अण्णांनी सीआरपी पुन्हा तपासलं. 1.7 आलं. वाटीत सहा कॅप्सूल, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं यावर अण्णांनी वेळ घालवला नाही, हळदीला दिलं. लेकीनं पाठवली होती, तेव्हा तिलाही दिलं. वहिनी म्हणाल्या, मंगळवार धरले होते ते कुठं गेले? डॉक्टर म्हणाले, स्टॅटिन सुरू केली की आपण मध्यंतरी. (अण्णांनी ती अखेर घेतली होती, पण 'काही दिवसांसाठी' म्हणून.) तेवढ्यात मला आठवलं की पहिली तपासणी झाली त्या आठवड्यात अण्णांचा उजवा गाल सुजला होता आणि ते महिनाभर डाव्या बाजूनं जेवत होते. ती दाढ नंतर काढली, हिरड्याही साफ करून घेतल्या. सुजलेल्या हिरड्यांनी सीआरपी वाढतं. मी हे बोलून दाखवलं. दंतवैद्याचं नाव यादीत चढवायला कोणीच तयार झालं नाही. दाढेचे पैसे त्यांनी आधीच घेतले होते ना, असं अण्णांचं म्हणणं.

वाद रंगात आला असताना अण्णांचा फोन किणकिणला. प्रयोगशाळेचाच संदेश होता. इन्फ्लमेशनसाठी आता वेगळं, जास्त सखोल पॅकेज निघालंय, जोडप्यांसाठी खास सवलत. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मास्तर, तुमच्या घरून दोघांचं नाव टाकू का? चौघं झालो तर घरी येऊन रक्त घेतात."